पहिला दाणा

त्या पाण्यात वय लांबीवरून ठरत असे. चारी बाजूंना पारदर्शक भिंती, तळाला वाळू आणि मधोमध एक सपाट दगड, एवढंच ते राज्य होतं. तिथले सगळे मिशाळ मासे एकाच सकाळी, एकाच भिंतीला चिकटलेल्या अंड्यांतून बाहेर आले होते. पहिल्या दिवशी वरून दाणे पडले ते दगडावर. जे योगायोगाने तिथे होते त्यांनी ते खाल्ले. दुसऱ्या दिवशी तेच थोडे मोठे होते, म्हणून त्यांनी इतरांना बाजूला सारून खाल्लं. तिसऱ्या दिवशी सारावं लागलं नाही. इतर आपणच सरकले.

पुढे त्याचा रिवाज झाला. दाणे पडण्याआधी सगळे भिंतीलगत अंग लावून उभे राहत. जो लांब तो थोरला. त्याला दादा किंवा ताई म्हणायचं आणि त्याचं झाल्यावर खायचं. धाकट्यांच्या वाट्याला वाळूत सांडलेला चुरा येई.

"धीर धरा," थोरले समजावत, "तुमच्या वयाचे होतो तेव्हा आम्हीही वाळूच चिवडली."

हे खोटं होतं; पण सांगणाऱ्यांनाही आता ते आठवत असल्यासारखं वाटे.

काजळी नावाची मासळी फार लहान असताना एका जाळीने उचलली गेली होती आणि दुसऱ्या एका पाण्यात पडली होती. तिथे लहानांना वेगळं ठेवत. त्यांना पोटभर मिळे आणि ती वाढत. बऱ्याच दिवसांनी त्याच जाळीने तिला परत आणून सोडलं. उतरताच ती रेवूला शोधू लागली. त्याचं अंडं तिच्या अंड्याला चिकटलेलं होतं. तो दगडामागच्या वाळूत सापडला, जेमतेम तिच्या मिशीएवढा. पोटाच्या जागी नुसता खळगा होता.

"ताई, तुम्ही व्हा पुढे," मिशा खाली करून तो म्हणाला.

"ताई कुणाला म्हणतोस रे? मी काजळी!"

"हो, ताई."

हा आणखी चार दिवसही जगणार नाही, हे तिला दिसलं. ती तडक दगडावर गेली. तिथे धोंडू पहुडला होता, सगळ्यांत लांब.

"धोंडू," ती म्हणाली. नुसतं धोंडू. आजूबाजूच्या शेपट्या हलायच्या थांबल्या.

"आपण सगळे एका सकाळी जन्मलो. रेवू धाकटा नाही, उपाशी आहे. त्याला एकदा पहिला दाणा द्या. मग बघा कसा वाढतो ते."

"तिकडचं पाणी बाधलंय हिला," कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

धोंडू मात्र हसला नाही. "आणि त्याने नाही खाल्लं तर?"

"असं कसं होईल? भुकेला आहे तो."

"नाही खाल्लं तर?"

"तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

"तू एकटीच नाही, काजळी. कुणीच काढायचा नाही."

तिने मान्य केलं.

दुसऱ्या सकाळी थोरले खरोखरच बाजूला झाले. रेवू दगडावर यायला तयार नव्हता. "दादा रागावतील," तो म्हणत होता. काजळीने त्याला नाकाने ढकलत वर आणलं. वाळूतले सगळे धाकटे डोकी काढून बघत होते. वरून दाणे आले. एक अगदी रेवूच्या पुढ्यात पडला. त्याने झेप घेतली.

दाणा त्याच्या डोक्याहून मोठा होता.

खाणारे अंगाने वाढत गेले तसे वरून पडणारे दाणेही मोठे होत गेले होते. दगडावर ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि वाळूत नेहमी चुराच आला होता. त्या दुसऱ्या पाण्यात दाणे धुळीसारखे बारीक असत. काजळीने हक्काचा विचार केला होता, पाळीचा केला होता. तोंडाचा केला नव्हता. तो फोडायला ती दाण्यावर तुटून पडली, पण तिचं तोंड त्यावरून निसटत राहिलं.

"थांबा जरा! भिजू द्या, मऊ होईल!"

"किती थांबायचं, बाई?" धोंडू म्हणाला. "आम्हाला पोटं नाहीत का?"

मग तो सगळ्यांकडे वळला. त्याच्या आवाजात जरासुद्धा द्वेष नव्हता, उलट थोडी हळहळच होती.

"पाहिलंत ना? पुढ्यात ठेवला. सगळे बाजूला झालो. तरी खात नाही."

"रेवूने आम्हाला खाली बघायला लावलंन्," वाळूतून एक बारीक आवाज आला, आणि धाकट्यांची डोकी एकेक करून वाळूत गेली.

रेवूने अजून दाणा सोडला नव्हता. फाकेल तेवढं तोंड फाकून तो त्याला चिकटत होता, निसटत होता, दुसऱ्या बाजूने येऊन पुन्हा चिकटत होता. भिंतीपलीकडून कुणी पाहिलं असतं, तर त्याला वाटलं असतं, किती मजेत खेळतोय.