ओघळाचा मान

डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर, खूप जुन्या काळी, एक गाव वसलेले होते. गावाच्या वरच्या अंगाला कातळात एक झरा होता आणि त्याच्या खाली दगडात खोदलेले टाके. झऱ्याची धार करंगळीएवढीच, पण ती कधी थांबत नसे. रात्रंदिवस झिरपून ती टाके भरी आणि त्या टाक्यावर अख्खे गाव जगे.

गाव मोठ्या मनाचे होते. पाहुणा आला की त्याला दारातल्या दगडावर बसवायचे आणि घागरभर पाणी त्याच्या पायांवर ओतायचे, ही तिथली रीत. ते पाणी गल्लीच्या उतारावरून वाहत जाई. त्याचा ओघळ जितका लांब, तितका पाहुण्याचा मान मोठा आणि तितकेच यजमानाचे घरही मोठे. पाहुणे आत गेले की शेजारपाजारच्या बाया दारातून वाकून बघत, ओघळ कुठवर पोचला. तो लवकर जिरला तर दुसऱ्या दिवशी टाक्यावर विषय निघेच. "काल तुमचा ओघळ उंबऱ्यातच झोपला म्हणे," असे कुणी हसत म्हटले, की त्या घरच्या बाईला घागर डोक्यावर चढवणे जड जाई.

वैशाखात टाक्याचा तळ दिसू लागे. गाव आभाळाकडे बघून उसासा टाकी. मग दारात पाहुणा येई आणि गाव पुन्हा घागर ओती.

सगळ्यांत लांब ओघळ एका सासूच्या दारातून निघे. बाई मनाने मायाळू, पण मानाला फार जपणारी. तिच्या घरी दूरच्या कोरड्या मुलखातली एक मुलगी सून म्हणून आली.

सुनेच्या हाताला वेगळेच वळण होते. ती भांडी आधी राखेने कोरडी घाशी आणि मग थोड्या पाण्यात विसळी. तांदूळ धुतलेले पाणी म्हशीच्या आंबोणात जाई. भाजी धुतलेले पाणी कढीलिंबाला आणि अंघोळीचे पाणी परसातल्या अळूला. धुण्याच्या शेवटच्या पाण्यात अंगण सारवायचा शेणकाला कालवला जाई. घरात कुणी पाणी मागितले तर ती अर्धा पेला भरून देई आणि समोर उभी राहून विचारी, "अजून देऊ?" आणखी हवे असले तर आणखी देई. पण पेल्यातले उरलेले पाणी अंगणात भिरकावलेले तिला बघवत नसे.

सासूला हे सगळे चिकटपणाचे वाटे. एकदा ती बायकांसमोरच म्हणाली, "माहेरी काय अळवाच्या पानावरचे थेंब चाटून राहत होतीस का ग?"

बाया हसल्या. सूनही हसली. सासूला ती आत्याबाई म्हणे. संध्याकाळी दोघी चुलीपाशी असताना तिने आपल्या माहेरची गोष्ट सांगितली. तिच्या गावातही पूर्वी भरपूर पाणी होते, इतके की कुणी त्याच्याकडे लक्षच देत नसे. मग विहीर खोल गेली, मग गढूळ झाली. गाव एकदम उठले नाही. आधी गुरे विकली, मग तरणी माणसे गेली, शेवटी म्हातारी. दळायची जाती तेवढी मागे राहिली, कारण ती उचलून कोण नेणार?

"आत्याबाई, झरा आपल्यासाठी कमी पडत नाही," सून म्हणाली. "तो त्याच्या चालीने भरतो. आपण त्याच्यापेक्षा घाईने ओततो."

सासूने ऐकून घेतले, पण पाहुण्यांची घागर मात्र तशीच चालू राहिली.

त्या घरात तुळसा नावाची लग्नाची लेक होती. घाटाखालच्या एका गावातून तिला मागणी आली. मुलगा तुळसाने जत्रेत पाहिलेला होता आणि ती मनातून कधीच हो म्हणून बसली होती. मागणीचा निरोप आल्यापासून ती उगाचच गुणगुणायची आणि कुणी बघितले की गप्प व्हायची. घर चांगले होते, माणसे मानाची होती. पण बघायला यायचा मुहूर्त निघाला तो नेमका भर वैशाखात.

त्या दिवशी टाक्यावर फारच थोडे पाणी होते. सासूसुनेच्या वाट्याला जेमतेम तीन घागरी आल्या. एक स्वयंपाकाला गेली. उरलेल्या दोन सासूने दारापाशी आणून ठेवल्या, पाहुण्यांच्या पायांसाठी.

शेजारच्या घरी त्याच पहाटे सगुणा बाळंत झाली होती. तिची म्हातारी सासू रात्रभर तिच्या उशाशी बसून होती. बाळ झाल्यावर ती घागर घेऊन टाक्यावर गेली, तर तळाशी नुसता चिखल. पाणी पुन्हा जमायला दुसरी सकाळ उजाडणार होती. इकडे सुनेला हे कुंपणावरून कळले. तिने सासूला सांगितले, की दोनांतली एक घागर सगुणाकडे देऊ या. सासूचा जीव कासावीस झाला. पाहुणे उठले की लगेच काही करू, असे ती म्हणाली. आज आपल्या दारातला ओघळ थोडका दिसला तर तुळसाची सोयरीक मोडेल, या भीतीने तिला दुसरे काही सुचत नव्हते.

दुपार व्हायच्या आत पाहुणे आले. मुलाचे आजोबा, वडील, काका आणि काकू. घाट चढून सगळ्यांचे पाय धुळीने माखलेले. आजोबा आधी दगडावर बसले. गल्लीतल्या दारांमधून बाया डोकावू लागल्या.

सून पुढे झाली. तिच्या एका हातात परात होती आणि दुसऱ्या हातात तांब्या. आजोबांचे पाय तिने परातीत घेतले, बारीक धारेने पाणी सोडले, खाली बसून हाताने टाचेपासून बोटांपर्यंत धूळ काढली आणि पंच्याने पाय कोरडे केले. पाय लख्ख झाले, पण गल्लीत एक थेंबही वाहिला नाही.

काकूने भिवया चढवल्या. ती परातीकडे बघत म्हणाली, "आमच्याकडे वासराला याहून जास्त पाणी दाखवतात."

गल्लीत कुणीतरी फिस्सकन हसले. तुळसा आत दाराआड उभी होती. तिने पदराचे टोक मुठीत घट्ट धरले.

सासूचे तोंड उतरले. ती सुनेला दबक्या आवाजात म्हणाली, "घागर घे. सूनबाई, माझी लाज राख."

सून उठली नाही. "आत्याबाई, पाय धुऊन झालेत," ती हळू म्हणाली. "आता नुसती गल्ली धुवायची राहिली."

हे सुनेने बोलायला नको होते, असे सगळ्यांनाच वाटले. सासू स्वतः पुढे आली आणि तिने घागर कमरेवर घेतली. तेवढ्यात तिची नजर कुंपणाकडे गेली.

पलीकडे सगुणाची सासू उभी होती. हातात रिकामा गडू. ती पाणी मागायलाच आली होती. पण दारात पाहुणे, सोयरिकीची बैठक आणि शेजारणीने उचललेली घागर तिने पाहिली. अशा वेळी मागणे बरे नव्हे, असे मनाशी म्हणून तिने गडू पदराखाली घेतला आणि काही न बोलता परत फिरली.

तिने मागितले असते तर सासूने कदाचित "जरा थांबा" म्हटले असते. पण ती न मागता गेली, आणि तेच सासूच्या काळजाला लागले. पाहुण्यांचे पाय समोर होते. पलीकडे एका बाईच्या घशाला कोरड होती आणि एका जिवाची पहिली अंघोळ व्हायची होती.

सासूने वळून लेकीकडे पाहिले. सोयरीक मोडली तर जाणार होते ते तुळसाचेच. तुळसाचे डोळे भरले होते, पण ती दारातून बाजूला सरकली. परसात जाणारी वाट त्या दारातूनच होती.

सासू घागर घेऊन पाहुण्यांच्या समोरून घरात शिरली आणि परसदाराने थेट शेजारी गेली. काकूने आजोबांकडे पाहिले, आजोबांनी परातीकडे.

सासू परत आली तेव्हा तिची कमर मोकळी होती. मानाला जपण्यात जिचा जन्म गेला, ती बाई भर गल्लीत पाहुण्यांना हात जोडून म्हणाली, "शेजारी बाळंतीण आहे. तिच्या घरी आज पाणी नाही. तुमचा मान थोडका झाला असेल, तर तो मी केला, माझ्या सुनेने नाही. मुलगी पसंत करायची की नाही, ते तुम्ही ठरवा."

आजोबांनी आपले स्वच्छ पाय पुढे घेऊन एकदा नीट पाहिले.

"पाय काय, उतरताना पुन्हा धुळीतच जायचेत," ते म्हणाले. "आमची विहीरही यंदा तळाला लागली आहे, बाई. लाजेपायी आम्ही कुणाला सांगत नव्हतो. ज्या घरात शेजारणीची तहान पाहुण्याच्या मानाआधी येते, त्या घरची मुलगी आम्हाला हवी. आणि तुमच्या सूनबाईंना म्हणावं, ते परातीचं आमच्या सुनांनाही शिकवा."

काकू थोडा वेळ घुश्शातच होती. गूळपाणी आले तेव्हा तिच्या हातात अर्धाच पेला आला. तो तिने संपवला. सुनेने विचारले, "अजून देऊ?" काकूने मागितला, तोही संपवला आणि मग तिला हसू आवरले नाही.

उरलेल्या घागरीत सगळ्यांचे पाय धुऊन झाले, तरी पाणी उरले. परातीतले सुनेने कढीलिंबाला घातले.

तुळसाचे लग्न ठरले. गाव लगेच बदलले असे नाही. काही घरांनी हट्टाने घागरी ओतल्या. पण मानाच्या दारातूनच ओघळ निघायचा थांबला होता, तेव्हा त्याची लांबी बघायला कुणी डोकावेना. हळूहळू दारोदारी पराती निघाल्या. तांदळाचे पाणी आंबोणात जाऊ लागले, अंघोळीचे अळूला. कुणाला त्यात कमीपणा वाटेनासा झाला, आणि झरा आपल्या चालीने भरत राहिला.

पुढच्या वैशाखात टाक्याचे पाणी काठाला लागलेले होते. एका सकाळी सगुणाची सासू नातवाला कडेवर घेऊन तिथे आली. तिने त्याला कमरेला धरून काठावर उभे केले. पोराने वाकून पाण्यात दोन्ही हात घातले आणि थपाथप मारायला सुरुवात केली. पाणी चहूकडे उडाले. कुणी बाई त्याला रागवायला निघाली, तर पलीकडे घागर भरत असलेली सुनेची सासू म्हणाली, "राहू दे ग. तेवढं त्याच्या वाटचं आहे."

या गोष्टीचे तात्पर्य: पाणी आपल्या घागरीत आले म्हणून आपल्या एकट्याचे होत नाही. जे आपण रोजच्या कामात सांभाळून वापरतो, तेच शेजाऱ्याच्या तहानेला आणि उद्याच्या लेकराला पुरते. आणि ते सांभाळण्यात कमीपणा नाही, तोच खरा मान.