धुरपदेचं कासव

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा बोरखडकला सडक नव्हती, शाळा नव्हती आणि माळावर माणसांपेक्षा लांडगे जास्त होते. पाणीही नव्हतं. बायका पहाटे निघायच्या, टेकडीपलीकडच्या ओढ्यात वाळू उकरायच्या, वाटीवाटीनं घागर भरायच्या आणि ऊन चढल्यावर घरी यायच्या. कित्येक पिढ्या असंच चाललं. मग एका वर्षी सगळ्या गावानं मिळून देवळामागं आड खणायला घेतला. आड म्हणजे विहीरच, पण अरुंद, गोल, पायऱ्या नसलेली, नुसती प्यायच्या पाण्याची. खाली काळा पाषाण लागला, पहारी वाकल्या, माणसं थकली, आणि आता नाद सोडावा असं सगळ्यांच्या मनात आलं तेव्हा पाणी लागलं. ते असं उसळलं, की खणणारे कमरेपर्यंत भिजून ओरडतच वर आले, असं म्हणतात.

आता तेव्हाची रीत अशी होती, की नव्या आडात कासव सोडायचं. कासव पाणी राखतं, ते आहे तोवर झरा आटत नाही, अशी समजूत. पण बोरखडकच्या कोरड्या माळावर कासव आणायचं कुठून? गाव या विवंचनेत असतानाच दक्षिणेकडून गाडीवान आले. त्यांच्यापाशी कासवाचं एक पिल्लू होतं, तळहातावर मावेल एवढं. आणि त्याच्या पाठीवर काय असावं? चांदण्या! काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. गाडीवान म्हणाले, वाटेत काट्याकुट्यात सापडलं, ठेवा तुम्हाला. येसाजी पाटलांचा आनंद तर गगनात मावेना. शेजारच्या गावांत साधी मातकट कासवं, आणि आपल्या आडात चांदण्यांचं!

वाजतगाजत पूजा झाली. बायकांनी कासवाला हळदकुंकू लावलं. पाटलांनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि आडात सोडलं. डुबुक् असा आवाज झाला आणि सगळ्या गावानं टाळ्या पिटल्या. काट्याकुट्यात सापडलेलं जनावर पाण्यातलं कसं असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कासव म्हटलं की पाणी, एवढंच त्यांना ठाऊक. हसू नका त्यांना. तुम्ही तरी काय वेगळं केलं असतं?

टाळ्या पिटणाऱ्यांत धुरपदा कुंभारीणही होती. रुंद हातांची, मोठ्या आवाजाची बाई. तिचा नवरा रखमाजी चाकावर मडकी काढायचा आणि ती ओली मडकी थापटून थापटून आकाराला आणायची. तिला मूलबाळ नव्हतं म्हणून तिनं पुढं त्या कासवाला जीव लावला, असं काही जण सांगतात. काहीतरीच! चार पोरं होती तिला, आणि चारही एकापेक्षा एक भांडखोर. माया करायला तिला घरात कुणी कमी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याला गेली. पोहरा आडात सोडला, वर ओढला, तर आत ते पिल्लू. रात्रभर ते पाषाणाच्या एखाद्या कपारीला धरून तरंगत राहिलं असणार. मान लोंबत होती, डोळे सुजून मिटले होते, नाकातून बुडबुडे येत होते. धुरपदेनं ते उलटं धरलं, तेव्हा तोंडातून पाणी गळलं. मग त्यानं जबडा उघडला आणि श्वास घेतला. एवढासा तो आवाज, पण तो ऐकून तिला आपल्याच कालच्या टाळ्या आठवल्या.

"अगं बया," ती म्हणाली, "आम्ही तुला बुडवायला वाजतगाजत आणलं की गं!"

तिनं ते पदरात गुंडाळलं आणि घागर तशीच रिकामी घेऊन ती घरी आली.

रखमाजीनं कपाळाला हात लावला. "धुरपदे, डोकं फिरलं का तुझं? देवाला वाहिलेलं परत आणलंस?"

"देवाला पोचलं असतं तर देवानं ठेवून घेतलं असतं. माझ्या पोहऱ्यात कशाला घातलं असतं?"

रखमाजी आपल्या चाकाकडं वळला. त्याला तिच्यापुढं कधी उत्तर सुचल्याचं कुणी सांगत नाही.

पण आजारी कासवाचं करायचं काय, हे धुरपदेला तरी कुठं माहीत होतं? तिला माहीत होती माती. ओलं मडकं एकदम उन्हात ठेवलं की तडकतं आणि गारठ्यात ठेवलं की सुकत नाही, त्याला बेताबेतानं ऊब द्यावी लागते. तिनं तेच केलं. एका फुटक्या रांजणाच्या बुडात वाळक्या गवताचं पिंजर घातलं, त्यात पिल्लाला ठेवलं आणि तो रांजण आव्याच्या, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीच्या, भिंतीला लावला. रोज परळात कोमट पाणी घ्यायची, त्या उथळ ताटलीत त्याला गळ्यापर्यंत बसवायची आणि कापसानं डोळे पुसायची. दूध देऊन पाहिलं, भाकरीचा चुरा देऊन पाहिला. कासव तोंड उघडेना. दिवसेंदिवस ते हलकं होत चाललं. हातात घेतलं की आत काही आहे की नाही, असं वाटायचं.

आणि एके दिवशी ते हलेचना. पाय ओढला तरी आत घेईना. मेलं म्हणून पोरं कुठं पुरायचं यावरून भांडायला लागली. धुरपदेनं त्यांना एक सणसणीत शिवी हासडली, पिल्लाला पोटाशी धरून वर पदर बांधला आणि एका हातानं मडकी थापटायला बसली. त्या दिवशीची सगळी मडकी वाकडी झाली. रखमाजीनं ती एकेक उचलून बाजूला ठेवली. दिवसभर ती त्या पिल्लाशी हळू आवाजात बोलत राहिली, भरल्या डोळ्यांनी. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण ती काय बोलली हे कुणालाच ऐकू आलं नाही, असं म्हणतात.

संध्याकाळी तिची लेक अंगणात घोळीची भाजी निवडत होती. धुरपदेनं जरा पाय मोकळे करावेत म्हणून पिल्लाला खाली ठेवलं. त्यानं मान बाहेर काढली. थोडी आणखी काढली. आणि घोळीचं एक जाड पान तोडून चावायला लागलं.

"खाल्लं!" धुरपदा किंचाळली. "आवं, इकडं या! खाल्लं त्यानं!"

ती ओरडली ती आपल्या नेहमीच्या आवाजात. कुणीतरी आडात पडलं असं वाटून अर्धं गाव कुंभारवाड्यात धावत आलं. आणि आले तेव्हा त्यांना काय दिसलं? आडाचं कासव अंगणात बसून भाजी खातंय!

झालं. बातमी पाटलांकडं गेली. चैत्र लागला होता आणि आडातलं पाणी उतरत होतं. चैत्रात पाणी उतरणारच, पण आता त्याला कारण सापडलं. पाटील स्वतः कुंभाराच्या दारी आले.

"धुरपदे, ते आडाचं आहे. आखितीला त्याला परत आडात सोडायचं. नाही सोडलंस, तर बोरखडकातलं एक घर तुझं मडकं घेणार नाही."

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी घरोघरी पितरांच्या नावानं नवं मडकं भरून ठेवायचं असतं. कुंभाराचं वर्ष त्या एका सणावर चालतं. घरात खाणारी सहा तोंडं आणि इकडं हा हुकूम. पण पाटलांना वाईट म्हणू नका बरं का. त्यांची आई ओढ्यावरून डोक्यावर घागर घेऊन येताना टेकडीच्या उतारावर पडली होती, ती पुन्हा उठली नाही. ते दिवस परत येऊ नयेत, एवढंच त्यांना हवं होतं. धुरपदेलाही ते दिवस नकोच होते. तिच्या डोक्यावरही त्या घागरीचा घट्टा होता. पण पोटाशी धरून जगवलेलं पिल्लू आपल्या हातानं पुन्हा त्या पाण्यात टाकायचं? तिला जेवण जाईना.

मग तिनं काय केलं? चाळलेल्या मातीचा एक गोळा घेतला आणि हातानंच एक कासव घडवलं. जिवंत कासव समोर ठेवून, बाभळीच्या काट्यानं त्याच्या पाठीवर एकेक चांदणी कोरली. रखमाजी इतके दिवस कुरकुर करत होता, पण आवा रचताना त्यानंच ते कासव हातात घेतलं आणि अगदी मधोमध, जिथं आच चारी बाजूंनी सारखी लागते, तिथं ठेवलं. त्या खेपेला आव्यातलं एकही मडकं तडकलं नाही, असं म्हणतात.

आखितीला सगळं गाव आडापाशी जमलं. धुरपदा आली. तिच्या एका हातात जिवंत कासव होतं आणि दुसऱ्या हातात मातीचं.

"पाटील, तुम्हाला आडात राखणदार पाहिजे ना? हा घ्या. ह्याला श्वास घ्यावा लागत नाही, हा पाण्यात मरत नाही."

"माती ती!" पाटील म्हणाले. "माती काय पाणी राखणार?"

"देवळात नंदीपुढं दगडाचं कासव आहे. इतकी वर्षं तुम्ही त्याच्या पाया पडता. दगडाचं चालतं आणि माझ्या मातीचं चालत नाही का?"

लोक कुजबुजले. तेव्हा देवळाचा म्हातारा भिवा गुरव पुढं झाला. "वाद कशाला? ज्याचं त्यालाच विचारा की. आडाच्या कडेला ठेवा त्याला. आडाचं असेल तर आडात जाईल. नसेल तर त्याची वाट त्याला मोकळी. पण कुणी हात लावायचा नाही."

आडाला तेव्हा कठडा नव्हता, तोंड जमिनीलगत होतं. पिल्लाचे डोळे अजून धड उघडत नव्हते. चुकून जरी चार पावलं भलतीकडं पडली असती तरी सगळं संपलं असतं. पण गावाला हे कबूल होतं, आणि धुरपदेला नाही म्हणता येईना.

कासव कडेला ठेवलं. बराच वेळ ते आत मान घालून बसलं. मग निघालं, ते थेट आडाकडं. एक पाय काठाच्या दगडावर ठेवला. मान लांब करून खाली पाण्याकडं पाहिलं. धुरपदेनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. सगळं गाव श्वास धरून उभं होतं, आणि खुद्द पाटील तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते, "माघारी फीर बाबा, माघारी फीर." हे त्यांनी पुढं स्वतःच कबूल केलं, असं म्हणतात.

कासव माघारी फिरलं. ते धुरपदेच्या पायाशी आलं. तिला वाटलं, आता थांबेल. ते थांबलं नाही. तिच्या पायावरून चढून, पलीकडं उतरून, ते माळाच्या दिशेनं चालायला लागलं. धुरपदेला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. "जा रे राजा," ती म्हणाली, "पण गारठ्यात राहू नकोस." मग ती खाली बसली आणि मोठ्यानं रडली.

मातीचं कासव पाटलांनीच आडात सोडलं. पाण्याला लागताच ते बुडालं नाही. त्यानं आडात गोल तीन फेऱ्या मारल्या आणि मग स्वतःहून तळाशी गेलं, असं म्हणतात. मी काही पाहिलं नाही. पण पुढं मोठा दुष्काळ पडला, आसपासच्या विहिरी कोरड्या पडल्या, तेव्हा चार गावं या एका आडावर जगली, हे आमच्या आज्यापणज्यांपासून सगळेच सांगतात.

चांदण्यांचं कासव माळावरच वाढलं, पाटाएवढं झालं. थंडी पडली की ते आपसूक कुंभारवाड्यात यायचं आणि आव्याच्या भिंतीला टेकून बसायचं. धुरपदा म्हातारी झाली तरी त्याच्यासाठी कोमट पाण्याचा परळ भरून ठेवायची. ती गेली, त्या साली घरात दुखवटा म्हणून आवा पेटला नव्हता. तरी त्याची भिंत सगळा हिवाळा गरम राहिली, आणि तिथं ते कासव बसून होतं, असं म्हणतात. उन्हाळा लागला तेव्हा ते उठून माळावर गेलं. त्यानंतर कुणाला दिसलं नाही.

आता बोरखडकला सडक आहे, शाळा आहे, घरोघरी नळ आहेत. कुंभारवाड्यात मात्र एकही चाक फिरत नाही. रखमाजीची पणतवंडं कधीच शहराकडं गेली. आव्याच्या जागी उंचवटा उरलाय, त्यावर पोरं क्रिकेट खेळतात. मडक्यांवरची थापटण्याची ती टपटप सकाळी ऐकू यायची, ती ऐकलेली माणसंही आता मोजकीच राहिली. पण त्या आखितीपासून बोरखडकच्या पाण्यात जिवंत जीव कुणी सोडला नाही. नवी विहीर झाली की मातीचं कासव करतात. कुंभार नाही म्हणून गावातल्या बायकाच करतात आणि चुलीत भाजतात. खरं सांगू? ते कासवासारखं दिसतच नाही. कधी वडा वाटतं, कधी बटाटा. नळाची टाकी बांधली तेव्हाही केलं होतं. ठेकेदार हसला, मग स्वतःच शिडी धरून उभा राहिला.

ते कासव लगेच पाण्यात घालत नाहीत. आधी ते गावभर हातोहात फिरतं. ज्याच्याकडं येईल त्यानं ते दोन्ही तळव्यांत धरायचं, पोटाशी लावायचं, मातीला ऊब आली असं वाटलं की धुरपदेचं नाव घ्यायचं आणि पुढच्याला द्यायचं. पाटलांचं घर, गुरवाचं घर, अंगावरची पोरं, खाटेवरची म्हातारी, सगळ्यांच्या हातून ते जातं. टाकीच्या वेळी त्याला सबंध दिवस लागला. ठेकेदार वैतागून म्हणाला, "अहो, मातीचंच आहे ना ते? सोडा की पटकन!"

तेव्हा हातात कासव घेऊन बसलेली एक म्हातारी त्याला म्हणाली, "थांब की रे बाळा जरा. पाणी गार असतं."