सोडलेली अकरा घरं

“…मग मुलं येत का नाहीत, बुवा?”

खोपकर मास्तर तिसऱ्यांदा विचारत होते. केशरगिरी बुवा मठाच्या पारावर डोळे मिटून बसले होते. झोपलेत की ऐकताहेत, पत्ता लागत नव्हता. चैत्र संपत आला होता. नदीकाठच्या सावरी फुटल्या होत्या आणि त्यांचा कापूस अंगणात नुसता तरंगत होता. खाली बसेल तर शपथ.

एक पुंजका बुवांच्या दाढीत अडकला. त्यांनी तो काढला नाही.

“कुठली मुलं?” त्यांनी तसंच, डोळे मिटून विचारलं.

म्हणजे दोनदा सांगितलेलं सगळं पाण्यात. बारा वर्षं ते दर गुरुवारी मठात येत होते आणि बाराही वर्षं बुवांनी त्यांना असंच छळलं होतं.

मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गावात अकरा मुलं. कुणाला ऐकू येत नाही, कुणाची जीभ वळत नाही, कुणाचे हातपाय सांगितलेलं करत नाहीत, कुणी आपल्याच तंद्रीत. शाळेत मागच्या बाकावर बसून बसून शेवटी ती घरी बसली. त्यांच्यासाठी वेगळा वर्ग बांधायचा घाट मास्तरांनी घातला. निवृत्तीनंतरची दोन वर्षं दारोदार वर्गणी मागितली, चपलांचे तीन जोड झिजवले. खोली उभी राहिली. चाकांची खुर्ची चढावी म्हणून दाराशी उतार केला, धरून चालायला कठडा बसवला, पडलं तर लागू नये म्हणून खाली गाद्या घातल्या. शिकवायला शहरातून त्यातलंच शिक्षण घेतलेल्या बाई आणल्या.

“पाडव्याला फीत कापली,” मास्तर म्हणाले. “बाई रोज खोली उघडतात, झाडतात आणि बसून राहतात. एक मूल आलेलं नाही. महिनाअखेरपर्यंत पटावर कुणी दिसलं नाही तर बाईंना शहरात परत बोलावतील. मग काय, पंचायत तिथे खताची पोती रचायला टपलेलीच आहे.”

“आईबाप काय म्हणतात?”

“तोंडावर गोड बोलतात. सुभद्रा म्हणाली, छान झालीय हो तुमची खोली. पण तुझ्या रेवूला पाठव म्हटलं की, बघू.” मास्तरांचा आवाज चिरकला. “रक्त आटवलं मी, बुवा. आणि हे असं.”

“वर्गणीला किती घरं फिरलास?”

इथे मास्तरांची छाती जराशी फुगलीच. “अख्खं गाव. वरची आळी, खालची आळी, धनगरपाडा, ओढ्यापलीकडची चार घरंसुद्धा. एक उंबरा सोडला नाही.”

“एकही नाही?”

“म्हणजे… ती अकरा घरं सोडून.”

बुवांनी एक डोळा उघडला.

“त्या मुलांचीच घरं हो,” मास्तर समजावू लागले. “आधीच बिचारी गांजलेली. त्यांच्यापुढे काय हात पसरायचा? म्हटलं, त्यांना कशाला तोशीस.”

बुवांनी डोळा मिटून घेतला.

“हं…” ते म्हणाले.

ऊन वर चढलं तशी माणसं जमू लागली. मठात दर गुरुवारी मूठ असे. येईल त्यानं घरून मूठभर तांदूळ नाही तर डाळ आणायची, बुवांच्या मांडीशी ठेवलेल्या हंड्यात आपल्या हातानं सोडायची. मग हंडा चुलीवर चढायचा आणि त्याच खिचडीची पंगत बसायची. ना कुणाची मूठ मोठी, ना कुणाची छोटी.

रांगेत सुभद्रा होती, आणि तिचा पदर धरून नऊ वर्षांची रेवू. सुभद्रानं आपली मूठ सोडली. रेवूनं हात हंड्यावर धरला, पण मूठ काही उघडेना. तिची बोटं तिचं लवकर ऐकत नाहीत.

मास्तर लगबगीनं उठले. बोटं सोडवून द्यावीत, बिचारीला कशाला ताटकळत ठेवायचं. बुवांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर जागच्या जागी थांबले.

सगळी रांग थांबली. सावरीचा कापूस डोक्यांवरून, खांद्यांवरून जात राहिला. चुलीचा धूर वडात शिरून निळा झाला होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मास्तरांना वाटलं, आपण हे झोपेत बघतो आहोत.

मग एक बोट सुटलं. मग दुसरं… तांदूळ पडले, निम्मे हंड्यात, निम्मे पारावर. बुवा वाकले आणि पारावरचा दाणा न् दाणा वेचून त्यांनी हंड्यात टाकला. रेवू खुदकन हसली. सुभद्रा ताठ मानेनं पंगतीकडे गेली.

मास्तरांची पाळी आली. त्यांनी खिशातून पुडी काढली, घरचा आंबेमोहोर मुठीत घेतला आणि हात पुढे केला.

बुवांनी हंड्यावर आपला पंजा ठेवला.

“बुवा, माझी मूठ…”

“राहू दे. तुला कशाला तोशीस.”

थट्टा असेल म्हणून मास्तर हसले. बुवा हसले नाहीत. मास्तरांच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाले, “चला, पुढचे.”

पंगत बसली. मास्तरांपुढेही पान मांडलं, वाफाळती खिचडी वाढली, वर तुपाची धार सोडली. कुणी काही कमी केलं नाही. पण मास्तरांचा हात पानाकडे गेला नाही. मुठीतले तांदूळ घामानं चिकट झाले होते.

कुठून कोण जाणे, त्यांना आपलं जुनं दार दिसलं. मास्तर तेव्हा सात वर्षांचे. कसल्याशा भांडणावरून त्यांचं घर गावानं वाळीत टाकलेलं. होळीची वर्गणी मागत माणसं ढोल वाजवत आळीत शिरली. वडील बंदा रुपया मुठीत धरून उंबऱ्यात उभे राहिले. माणसं शेजारी थांबली, पुढच्या घरी थांबली. त्यांच्या दारावरून मात्र, दार नसल्यासारखी पुढे गेली. ढोल ऐकू येईनासा झाला तरी वडील तिथेच उभे होते…

मास्तरांना भयंकर लाज वाटली. असं अकरा दारांत कुणीकुणी उभं राहिलं असेल. आणि ढोल वाजवत पुढे गेलो ते आपण.

पानं उचलली गेली. बुवा हात धूत होते. मास्तर त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले.

“आजच जातो त्यांच्याकडे,” ते म्हणाले. “हात पसरतो. पण बुवा… मागू कशासाठी? काम तर सगळं पुरं झालं. रंगसुद्धा वाळला. एक वीट बसवायची बाकी नाही.”

बुवांनी हात पुसले, दाढीतला कापूस काढला आणि फुंकर घालून सोडून दिला.

“मग एक भिंत पाड, मास्तर.”