हलवलेलं घरटं

पुष्कळ, अगदी पुष्कळ वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथं पेरणीआधी माणसं दोनच गोष्टी बघत. वारा कुठून येतो आणि कावळा घरटं कुठं बांधतो. वारा पश्चिमेचा असला की पाऊस आणतो, उत्तरेचा असला की ढग पळवतो. घरटं आंब्यावर असलं की पाऊस भरपूर, म्हणून भात पेरायचा. बाभळीवर असलं की पाऊस बेताचा, म्हणून राळा पेरायचा. राळ्याचे दाणे बारीक, पण चार सरींवरही तो पिकतो.

दोन वर्षं कावळ्यानं बाभूळच धरली होती. राळा खाऊन लोक विटले होते. तिसऱ्या वर्षी भल्या पहाटे गावच्या पाटलाला पुन्हा बाभळीवरच घरटं दिसलं. लोकांना हे कळलं तर निम्मं गाव उठून जाईल, असं त्याला वाटलं. कुणी जागं व्हायच्या आत त्यानं घरटं अंड्यांसकट उचललं आणि आंब्याच्या बेचक्यात बसवलं.

कावळा फांदीवर येऊन म्हणाला, "पाटील, माझं घर हलवलंत. आता पश्चिमेचा वारा कोण आणणार?"

"गप रे! लोकांना थोडा धीर नको का?"

सकाळी गावात ढोल वाजले. लोकांचे हसरे चेहरे पाहून पाटलालाही बरं वाटलं. आणि गंमत बघा, चार दिवसांत त्याला स्वतःलाच ती खूण खरी वाटू लागली!

बायको म्हणाली, "अहो, वारा अजून उत्तरेचाच आहे. राळ्याचं बियाणं तरी राहू द्या."

"आंब्यावर घरटं आहे, दिसत नाही का तुला?" असं म्हणून त्यानं गावातला सगळा राळा गावजेवणाला काढायला लावला.

मृगात चार सरी आल्या, भात तरारला. मग वारा पुन्हा उत्तरेचा झाला आणि ढग डोंगरापलीकडे निघून गेले. आर्द्रा कोरडी गेली, पुष्यही कोरडा गेला. रोपं पिवळी पडली आणि करपली. राळा तगला असता, पण मूठभर बीसुद्धा कुणाच्या घरात उरलं नव्हतं.

श्रावणात माणसं गाव सोडू लागली. जाताना एका म्हाताऱ्यानं पाटलाचे हात धरले. "कावळ्यानं दगा दिला बघा. तुमचा काय दोष, पाटील?"

पाटलाला खरं सांगायचं होतं, पण त्यानं "सांभाळून जा" एवढंच म्हटलं. म्हातारा त्याला आशीर्वाद देऊन निघून गेला. ओसाड गावात नवरा-बायको दोघंच उरली, आणि पुढच्या वर्षी पेरायला त्यांच्याजवळ काहीच नव्हतं.

बोध: खूण बदलून ऋतू बदलत नाही, खोटा धीर मात्र हातातलं शेवटचं बीही घालवतो.