आंबेघोळ, सेमिस्टर तिसरं

"आणि आंबेघोळ? ते ठेवलंयस की काढलंयस, तेवढं सांग."

तात्या खटावकरांनी मसुदा अजून उघडलाही नव्हता. ओट्यावर खुर्ची टाकून, सुजलेले पाय कोमट पाण्याच्या घंगाळात सोडून ते बसले होते. मसुदा मांडीवर तसाच पडला होता.

"ठेवलंय तात्या! काढीन कसं?" प्रल्हाद सपकाळ म्हणाला. हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं. उत्तर तो सगळ्या वाटेत घोळवत आला होता.

प्रल्हाद आता नुसता प्रल्हाद राहिला नव्हता. डॉक्टर सपकाळ, विद्यापीठाच्या इतिहास अभ्यास मंडळाचे अध्यक्ष. बी.ए.चा नवा अभ्यासक्रम त्याने वर्षभर खपून बांधला होता आणि उद्या तो वरच्या सभेपुढे जायचा होता. पण सभेतल्या जुन्या खोडांनी एकच धोशा लावला होता, तात्यांना दाखवलंय का? त्यातले निम्मे तात्यांच्याच हाताखाली शिकलेले. तात्यांनी नाक मुरडलं तर अभ्यासक्रम अडणार आणि अध्यक्षांची शोभा होणार. म्हणून ही स्वारी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात हजर झाली होती.

पुडा अजून सुटला नव्हता.

आंबेघोळ हे प्रल्हादचंच गाव. धरणात गेलेलं. पावसाळ्यात बुडायचं आणि मे महिन्यात पाणी हटलं की पुन्हा वर यायचं. घरांची जोती, विहिरीचा कठडा, जानाईचा चौथरा. उठवलेली माणसं दर मे महिन्यात तिथे जायची, जानाईला नैवेद्य दाखवायची आणि आपापल्या जोत्यावर बसून भाकरी खायची. तात्या नोकरीत होते तोवर विद्यार्थ्यांना नेमके तेव्हाच तिथे न्यायचे. एकेकाला एकेका जोत्यावर उभं करायचे आणि म्हणायचे, विचार, इथे कोण राहत होतं. इतिहास शिकवायची त्यांची रीत ही एवढीच होती.

त्या कामात त्यांचा विद्यार्थी प्रल्हाद पहिला आला होता. स्वतःच्याच जोत्यावर उभं राहून त्याने आईला विचारलं होतं. आई रडत सांगत होती आणि तो लिहून घेत होता.

"सक्तीचं केलंय," प्रल्हाद म्हणाला. "पूर्वी तुमच्या हौसेवर चालायचं. आता त्याला क्रेडिट आहेत. एकालाही चुकवता येणार नाही."

"हं."

"तुमचं काम कायमचं झालं, तात्या. बघा तरी उघडून."

तात्यांनी उघडलं नाही. पाण्यात पाय जरा हलवले.

"नेणार कधी?"

"तिसऱ्या सेमिस्टरला. दिवाळी झाली की. नोव्हेंबरात."

प्रल्हाद शाबासकीची वाट बघत राहिला. काय माणूस आहे, त्याच्या मनात आलं. एवढं केलं तरी तोंडातून एक चांगला शब्द निघत नाही.

"नोव्हेंबरात आंबेघोळ कुठं असतं रे, प्रल्हाद?"

नोव्हेंबरात धरण भरलेलं असतं आणि आंबेघोळ पाण्याखाली.

इतक्या बैठका झाल्या, इतका चहा ढोसला गेला, पण मंडळातल्या कुणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या का यावं? त्यांची गावं कोरडी होती. पण आपल्या? शरमेने त्याचे कान तापले. मग मोठ्या माणसांचं होतं तसं झालं, शरमेचा राग झाला.

"मे महिन्यात बसतच नाही ते! एप्रिलात सेमिस्टर संपतं. मग पेपर तपासणी, मग सुट्टी. कोण नेणार मुलांना? चौकट वरून येते तात्या. मी तरी काय करू?"

"वरून येते. बरं."

"आणि अगदीच वाया जात नाही. आता तिथे बाग केलीय, रस्ता झालाय. मुलं काठावरून बघतील. खाली गाव होतं म्हणून कुणीतरी सांगेल. पदवीच्या मुलांना तेवढं पुरे."

हे आपण बोललो, यावर त्याचाच क्षणभर विश्वास बसला नाही. पण शब्द बाहेर पडले होते, आणि आता ते मागे घ्यायचे तर सगळा अभ्यासक्रमच मागे घ्यावा लागला असता.

"आई जाते अजून?" तात्यांनी विचारलं.

"जाते."

"आणि तू?"

"मे महिन्यात मला कुठला वेळ..."

तात्यांनी मान हलवली. त्यात राग नव्हता. असता तर प्रल्हादला बरं वाटलं असतं.

"मग उद्या काय सांगू सभेत?" त्याने खाली बघत विचारलं.

"सांग, तात्यांना दाखवलं. त्यांची हरकत नाही."

"खरंच, तात्या?"

"तुझ्याशी कधी खोटं बोललोय?"

प्रल्हादला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच किळस आली. म्हाताऱ्याने भांडायला हवं होतं. पूर्वी एका चुकीच्या सनावरून तास तास झापायचे. आता आपण झापण्याच्याही लायकीचे उरलो नाही, हे त्याला लख्ख कळलं.

पाय पाण्यात होते, म्हणून त्याने वाकून गुडघ्यांनाच हात लावला. मग मसुद्यासाठी हात पुढे केला.

"द्या तात्या. सगळ्यांच्या सह्या झाल्यात त्यावर. एकच प्रत आहे."

तात्यांनी मसुदा दोन्ही हातांनी उचलला. कपाळाला लावला. आणि वाकून, अगदी हळू, घंगाळात सोडला.

कागद थोडा वेळ तरंगले. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी हात जोडणाऱ्या त्या माणसाने त्यांच्यावर टाच ठेवली आणि त्यांना तळाशी नेलं.

"तात्या!"

सह्यांची निळी शाई पाण्यात सुटू लागली. प्रल्हाद गुडघ्यांवर आला. बाही न सारताच तो हात घालणार, तोच तात्यांनी त्याचं मनगट धरलं.

"हात कशाला भिजवतोस, लेका," ते म्हणाले. "काठावरून बघ."