केरबाला कोट टोचतो

एका गावात एक भोळा शिंपी होता. भोळे त्या गावात तसे बरेच होते, पण बाकीचे झाकलेले होते आणि हा उघडा. उघडा म्हणजे खरोखरच उघडा. त्याच्या अंगात सदरा म्हणून टिकायचा नाही.

नाव केरबा. शिंप्याच्या घरात जन्मला आणि शिवण त्याला टोचायची. कुंभाराच्या पोराला माती सोसू नये, तसली गत. काखेतली शिवण चावायची, गळपट्टी घशाला धरायची, कांजी केलेला सदरा घातला तर दिवसभर हात पसरून चालायचा. लोकरीचं तर नावच काढू नका. जुना, धुवून धुवून विरलेला एक मांजरपाटाचा सदरा तेवढा त्याला चालायचा. तो वाळत घातला असला, की केरबा घराबाहेर पडायचा नाही.

लोक म्हणत, हट्ट आहे. हट्ट नव्हता. बाकीच्यांना कापड अंगात घातलं की विसरता येतं. केरबाला ते विसरता यायचं नाही. कापड दिवसभर त्याच्याशी बोलत राहायचं, आणि तेही वाईट वाईट.

दुसरी गोष्ट अशी, की त्याला जे सांगाल ते तो करायचा. जेवढं सांगाल तेवढंच आणि जसं सांगाल तसंच. ह्याला लोक मूर्खपणा म्हणत. सांगणाऱ्याला मात्र कुणी काही म्हणत नसे.

बाप लवकर वारला. आई, सगुणाबाई, मशीन चालवायची आणि केरबा काजं-बटणं करायचा. ठिकठिकाणाहून नकार येऊन झाल्यावर एकदाचं धामणटेकच्या गणूशेठ शिंप्याच्या मुलीशी, चांगुणाशी, त्याचं लग्न ठरलं. केरबाला चांगुणा आवडली होती. बघायला गेले तेव्हा गणूशेठ, त्याची बायको काशी आणि घरातले सगळे त्याच्या जुन्या सदऱ्याकडे बघत होते आणि ही पोह्यांत कोथिंबीर नीट पडली का ते बघत होती. घरी आल्यावर तो आईला म्हणाला, "आये, हीच. दुसरी बघू नगंस."

पण धामणटेकच्या शिंप्यांत एक चाल होती. नवरदेवाचा जरीचा कोट सासऱ्यानं स्वतःच्या हातानं शिवायचा आणि नवरदेवानं तो घालून बोहल्यावर उभं राहायचं. लग्न पक्कं करायला आलेल्या गणूशेठनं जाताना बजावलं, "विहीणबाई, कोट अंगात तो नवरदेव. अक्षता पडायच्या आत कोट उतरला, तर लगीन मोडलं समजा."

सगुणाबाईनं त्याच दिवशी केरबाला सवय लावायला घेतली. नवा सदरा शिवला, कांजी केली, अंगात घातला आणि त्याला म्हणाली, "जा, देवळापर्यंत जाऊन ये."

केरबा देवळापर्यंत गेला. येताना सदरा काठीला टांगून आला.

"आये, टोचतोय."

"अरे लेकरा, नवं टोचलं तर काढून टाकत न्हाईत. पाण्यात बुडवावं, दगडावर चांगलं बडवावं. मऊ पडतं."

"बरं, आये. पुढल्या खेपंला तसंच करतो."

पुढली खेप लगेच आली. लग्नाचे पापड मावशीनं लाटून वाळवले होते. ते आणायला आईनं केरबाला पाठवलं. मावशीनं पापडांची चळत फडक्यात बांधून त्याच्या पाठीवर दिली. पापड उडदाचे, कडकडीत वाळलेले. कडा फडक्यातून पाठीला लागू लागल्या. केरबा थोडा चालला, थोडा वाकडा चालला आणि ओढ्यापाशी थांबला.

'नवं आहे, टोचतंय,' तो मनाशी म्हणाला. आईनं काय सांगितलं होतं ते त्याला लख्ख आठवलं. त्यानं गाठोडं ओढ्यात बुडवलं. मग धुण्याच्या दगडावर जीव लावून बडवलं. शेजारी धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून बघत राहिल्या. एकीनं विचारलं, "काय धुतोयस रं?"

"पापड."

"मळलं हुतं?"

"न्हाई. टोचत हुतं."

घरी आल्यावर सगुणाबाईनं गाठोडं सोडलं. आत एकच मोठा उंडा होता.

"मऊ पडलं बघ, आये. लोण्यागत."

सगुणाबाईनं कपाळाला हात लावला. "अरे, खायाचं कुणी बडवतं का? टोचलं तर आतली बाजू भायेर करावी. टोचरं भायेर ऱ्हातं, मऊ अंगाला लागतं. कळलं?"

"कळलं, आये. पुढल्या खेपंला तसंच करतो."

मग पिंजाऱ्याकडून लग्नाच्या उशा आणायच्या होत्या. नव्या कोऱ्या, सावरीनं गच्च भरलेल्या. केरबा उशा डोक्यावर घेऊन निघाला. ऊन झालं तसा वाटेतल्या पिंपळाखाली टेकला आणि एक उशी डोक्याखाली घेऊन आडवा झाला. उशीचा अभ्रा जाडाभरडा होता. गालाला टोचला.

केरबा उठून बसला. बाहेरची बाजू टोचते. आत काय आहे? आत सावरी. सावरीसारखं मऊ जगात काही नाही. म्हणजे आईचं बरोबरच होतं. त्यानं उशीची शिवण नीट उसवली आणि आतली बाजू बाहेर केली. एकीची झाली तशी सगळ्यांची केली, कारण एका उशीला एक न्याय आणि दुसरीला दुसरा, हे त्याला पटत नसे.

वारा होताच. सावरी उठली आणि गावावर गेली. पाटलाच्या म्हशी शिंकल्या. सरपंच चहा पीत होते, त्यांना पांढरी मिशी आली. कुणाच्या तरी घरी आमटीला फोडणी देताना आमटीवर साय धरली. केरबा मोकळे अभ्रे घडी घालून घरी आला.

"उशा कुटं हायत रं?"

"ह्या काय. आतलं मऊ भायेर काढलं, तर ते ऱ्हायलाच तयार न्हाई."

सगुणाबाई खाली बसली. हसावं की रडावं ते तिला कळेना, म्हणून तिनं दोन्ही थोडं थोडं केलं. मग म्हणाली, "हे बघ केरबा. काय भिजवू नगंस, काय उसवू नगंस. आपल्याला टोचतंय ते, ज्याला टोचत न्हाई अशाला द्यावं न् त्याच्याकडचं मऊ आपण मागून घ्यावं. सरळ हिशेब."

"बरं, आये. पुढल्या खेपंला तसंच करतो."

लग्नासाठी मामाचा जरीचा फेटा मागून आणायचा होता. मामानं तो केरबाच्या डोक्यावर बांधूनच दिला आणि म्हणाला, "ऐटीत जा." केरबा ऐटीत निघाला. ऐट वेशीपर्यंत टिकली. पुढं जर कपाळाला काचायला लागली, कानामागं खाज सुटली, आणि ज्वारीच्या शेतापाशी तर डोक्यात मुंगळे फिरताहेत असं वाटायला लागलं.

शेतात एक जण हात पसरून उभा होता. डोक्याला उन्हापावसात विरलेलं जुनं धोतराचं फडकं. केरबा त्याच्यापाशी गेला.

"राम राम. तुमाला जर टोचती का?"

तो काही बोलला नाही.

"टोचत आसंल तर सांगा. संकोच नगं."

तो काहीच बोलला नाही. टोचत असतं तर माणूस बोलला असता, असा केरबानं विचार केला. फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला, फडकं आपल्या डोक्याला गुंडाळलं आणि त्याचे आभार मानून घरी आला.

दुसऱ्या दिवशी शेताच्या मालकानं आपल्या बुजगावण्याला जरीचा फेटा पाहिला. पाखरं पळायची सोडून बघायला जमली होती. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, फेटा स्वतःच्या डोक्याला बांधला आणि बाजाराला निघून गेला. फेटा त्यानंतर कुणाला दिसला नाही. मामा मात्र बरेच दिवस सगळ्यांना दिसत राहिला, कारण तो रोज येऊन भांडायचा.

असं करता करता लग्नाचा दिवस उजाडला. धामणटेकला गेल्यावर गणूशेठनं कोट आणून ठेवला. गळाबंद. जरीचा. कॉलर ताठ राहावी म्हणून आत दुहेरी बक्रम. कोट रिकामाच होता, तरी आपला आपण उभा राहत होता.

सगुणाबाईनं केरबाला कोपऱ्यात घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "केरबा, ही पोरगी गेली तर दुसरी मिळायची न्हाई रं. आज आईची लाज राख. अक्षता पडोस्तवर कोट भिजवायचा न्हाई, उसवायचा न्हाई, कुणाला द्यायचा न्हाई न् अंगातनं काढायचा न्हाई. अक्षता पडल्या की मग तुला काय करायचं ते कर."

"बरं, आये."

आणि खरंच, केरबा बोहल्यावर उभा राहिला. कोट मानेला धरत होता. अस्तर पाठीला खात होतं. जरीची तारन्‌तार त्याला वेगळी मोजता आली असती. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि लोक म्हणत होते, नवरदेव किती हळवा आहे बघा. पण तो हलला नाही. आईच्यासाठी आणि चांगुणासाठी तो उभा राहिला, आणि ही काही लहान गोष्ट नव्हती.

समोर अंतरपाट. दोन बाजूंनी दोघं मामा तो धरून उभे. केरबाचा मामा फेट्याच्या रागानं जरा जास्तच ताणून धरत होता. भटजींनी मंगलाष्टकांना सूर लावला. तेवढ्यात अंतरपाटापलीकडून बारीक आवाज आला. कुणीतरी मुसमुसत होतं.

केरबा हळूच म्हणाला, "काय झालं?"

"टोचतंय," पलीकडून चांगुणा म्हणाली.

"काय?"

"शालूची जर. मानंला. सकाळधरनं सांगतीया, कुणी ऐकत न्हाई."

केरबा विचारात पडला. आपला कोट काढायचा नाही, हे आईनं सांगितलं होतं. चांगुणाच्या शालूबद्दल तिनं काहीच सांगितलं नव्हतं. त्यानं आजूबाजूला पाहिलं. मांडवभर जरच जर. शिंप्यांचं लग्न, साधं कापड कुणाच्या अंगावर नाही. मऊ असं एकच कापड जवळपास होतं आणि ते त्याच्या नाकासमोरच होतं. अंतरपाट म्हणून धरलेलं भटजींचं जुनं उपरणं, कित्येक लग्नांत ताणून आणि धुवून तलम झालेलं.

केरबानं अंतरपाट ओढला. दोघा मामांच्या हातांतून तो सुटला. केरबानं त्याची घडी केली आणि चांगुणाच्या मानेवर, शालूच्या आत, नीट बसवली.

चांगुणानं खांदे खाली सोडले. सकाळपासून पहिल्यांदाच तिनं पुरता श्वास घेतला. "आता बरं वाटतंय," ती म्हणाली.

"आरं, मुहूर्ताआधी नवरीचं तोंड बघितलं!" गणूशेठ ओरडला.

"तोंड न्हाई बघितलं, मामा," केरबा सासऱ्याला म्हणाला. "मान बघितली."

पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. जमलेल्या लोकांना मंगलाष्टकं कळत नसत. अंतरपाट गेला की अक्षता टाकायच्या, एवढं कळे. मुठीत तांदूळ घामेजले होते आणि मागून जिलबीचा वास येत होता. अंतरपाट जाताच सगळ्या मांडवानं अक्षता फेकल्या, ताशेवाल्यानं ताशा बडवला आणि भटजी दुसऱ्या मंगलाष्टकातच अडकून पडले. पडलेल्या अक्षता काही माघारी उचलता येत नाहीत. लग्न लागलं.

अक्षता पडलेल्या केरबानं पाहिल्या. आईनं सांगितलेली वेळ झाली होती. त्यानं कोट काढला.

गणूशेठ लालबुंद झाला. "माज्या हातचा कोट काढतोस? हा कोट टोचतो? आरं, मी शिवलेलं कापड आजपातूर कुणालाबी टोचलं न्हाई!"

"तुमाला सुदीक?"

"मला? मला तर मुळीच न्हाई!"

केरबाला आनंद झाला. असाच माणूस तो शोधत होता. त्यानं कोट गणूशेठच्या अंगात चढवला, बटणं वरपर्यंत लावली आणि कॉलर नीट केली. "मग तुमीच ठेवा, मामा."

सगळा मांडव बघत होता. गणूशेठला कोट काढता येईना. काढला तर कोट टोचतो असं झालं असतं. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "बघा. कुटं टोचतंय?" आवाज जरा बारीक निघाला.

घोडेवाला परगावचा होता. त्याला एवढंच सांगितलेलं, जरीचा कोट दिसला की घोड्यावर बसवायचं. त्यानं गणूशेठला घोड्यावर बसवलं. गणूशेठ म्हणत होता, "आरं, मी नव्हं, मी नव्हं!" पण ताशापुढं त्याचं काय चालणार? वरात निघाली. मागून केरबा आणि चांगुणा पायी चालत होते. हा नुसत्या सदऱ्यावर, ती मानेवर उपरणं घेऊन. जिलबी कशी झाली होती ह्यावर दोघं बोलत होते आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

केरबाच्या दारात शेजारची धुरपाआत्या भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिला लांबचं दिसत नसे, जवळचंही बेताचंच. तिनं कोट चाचपला. "नवरा जरा थोराड वाटतोय," ती म्हणाली, "पर कोट हाय म्हंजी ह्योच." तिनं भाकरतुकडा ओवाळला आणि दार अडवलं. "आता बायकूचं नाव घ्या. त्याबिगार आत सोडायची न्हाई."

गणूशेठनं वर पाहिलं, खाली पाहिलं. कोट आता त्याच्या पाठीला दोन्ही बाजूंनी खात होता. बायकोचं नाव घेतल्याशिवाय सुटका नव्हती. त्यानं डोळे मिटले आणि ओरडला,

"जरीच्या कोटाला बटणं सात,
काशीचं नाव घेतो, खाजवायला घाला कुणीतरी पाठीत हात!"