सोनटक्क्याचा हार

“मग हार कुणाच्या गळ्यात घालायचा, ते तरी सांगा अक्का!”

जनार्दनबुवांनी पुन्हा विचारलं. गोदाक्कांनी पुन्हा ऐकलं नाही. मोगऱ्यापाशी उकिडव्या बसून त्या नखानं त्याची साल खरवडत होत्या.

माघातली सकाळ होती. नदीकाठचा राममठ. मठ कसला, एक गाभारा, एक पडवी आणि मागं अक्कांची बाग. ज्यांचं कीर्तन ऐकायला लोक गाड्या जुंपून यायचे ते बुवा इथं आले की नुसते ‘जनू’ व्हायचे. कीर्तनाला उभं कसं राहायचं हे त्यांना याच बाईनं शिकवलं होतं. तिला कुणी शिकवलं, हे विचारायची गावात कुणाची छाती नव्हती.

चैत्रात रामनवमी येणार होती. त्या दिवशी बुवांच्या एका शिष्यानं मठात कीर्तन करायचं, आणि कथा अर्ध्यावर आली की अक्कांनी बागेतल्या फुलांचा हार त्याच्या गळ्यात घालायचा, अशी रीत. तो हार पडला की पोरगा बुवा झाला.

“कुणाकुणातून निवडायचंय?” अक्कांनी मान वर न करता विचारलं.

“श्रीपती आहे. आणि तसा... कुशाबा होता.”

“होता? मेला की काय?”

“अहो मेला कशाला! निघून गेला.”

“निघून गेला की घालवलास?”

बुवांना हा प्रश्न झोंबला. सबंध वाटभर त्यांनी याच प्रश्नाचं उत्तर जुळवलं होतं, आणि ते त्यांना अगदी बिनतोड वाटत होतं.

“अक्का, माझी शिस्त तुम्हाला ठाऊक आहे. पोरगा कीर्तनाला उभा राहिला की मी मागं झांज घेऊन उभा. चुकला की झांज आपटायची. भर सभेत थांबवायचं. श्रीपतीला थांबवलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. पण पुढच्या खेपेला तेच पद असं म्हणाला, की म्हातारीकोतारी रडली. मग दिवाळीत कुशाबाला थांबवलं.”

“मग?”

“पदाचं पहिलं कडवं झालं होतं. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं. घडी केली. माझ्या पायाशी ठेवलं आणि सभेतून चालता झाला. एक शब्द नाही! आता नदीपलीकडं तेलाच्या घाण्यावर बैल हाकतो. आवाज काय होता हो त्याचा... श्रीपतीपेक्षा काकणभर सरसच. पण मी भेदभाव केला नाही. दोघांना एकच माप. सांगा, यात माझं काय चुकलं?”

अक्का गुडघ्यावर हात रेटून उठल्या.

“कळशी भर. दोघांना पाणी घाल.”

“कुठल्या दोघांना?”

“ह्या मोगऱ्याला. आणि तिकडं मोरीपाशी सोनटक्का आहे, त्याला.”

बुवांनी रहाट ओढला, कळशी भरली. मोगऱ्याची दशा बघवत नव्हती. फांद्या छाटलेल्या, पानं ओरबाडलेली, बुडाची माती उकरून मुळं उघडी टाकलेली. आणि मोरीपाशी तर झाडच नव्हतं. भांडी घासल्याचं पाणी जिरून झालेला काळा चिखल, बस्स.

“अक्का, इथं काही नाही.”

“आहे.”

बुवांनी वाद घातला नाही. अर्धी कळशी इकडं, अर्धी तिकडं, असा हिशेब मनाशी बांधून त्यांनी मोगऱ्यावर कळशी कलती केली.

अक्कांनी धारेखाली ओंजळ धरली.

थेंबही मुळाशी पडू दिला नाही. ते पाणी घेऊन त्यांनी शांतपणे तोंड धुतलं आणि पदराला पुसलं.

“तहानेला ठेवलाय त्याला. आत्ता लाडानं पाणी पाजशील तर पानांचा नुसता डोंगर होईल, कळी एक धरायचा नाही. उन्हात तापू दे, तहानू दे. मग खत, मग पाणी. चैत्रात बघ कसा फुटतो ते.”

“आणि सोनटक्का?”

“त्याला ऊन सोसत नाही. पाणी चुकलं की पानांच्या कडा जळतात. सावली हवी, पाय सदा ओले हवेत. तरी भाद्रपदाआधी फूल म्हणून देत नाही. थंडीत दांडे वाळतात, ते मी बुडापासून कापते.”

बुवांचा चेहरा उजळला. पंडित माणूस, अर्थ हाती लागायला कितीसा वेळ लागणार!

“आलं ध्यानात! श्रीपती मोगरा. कुशाबा सोनटक्का. एकाला ताण, दुसऱ्याला माया. वा अक्का, काय दृष्टांत दिलात!”

“झालं! लागला कीर्तन करायला. अरे, मी झाडांचं बोलतेय.”

बुवा वरमले.

“इकडं ये. नख लाव ह्या फांदीला.”

बुवांनी वाकून साल खरवडली. आत हिरवी रेघ दिसली, ओलसर, जिवंत.

“रोज उजाडलं की मी हे बघते. हिरवं आहे तोवर तहान. हिरवं विटायला लागलं की टाकोटाक पाणी. पाणी घालणाऱ्यानं एखाद्या दिवशी नाही आलं तरी चालतं, जनू. पाणी तोडणाऱ्याला रोज यावं लागतं.”

...

“श्रीपतीला झांज आपटून थांबवलंस. दुसऱ्या दिवशी काय केलंस?”

“तो माझ्याच घरी राहतो. पहाटे उठवलं, जवळ बसवलं, पद पुन्हा घोटून घेतलं.”

“आणि कुशाबाला?”

“तो आला नाही.”

“मी तो आला का, असं विचारलं नाही.”

बुवांनी नदीकडं पाहिलं. पलीकडच्या काठावर घाण्याचं छप्पर दिसत होतं. दिवाळीपासून ते रोज या काठावर स्नानाला येत होते. रोज ते छप्पर दिसत होतं. नाव तर खालीच बांधलेली असायची.

“मी गुरू आहे अक्का,” ते हळूच म्हणाले. “मी कसा जायचा?”

अक्कांनी मोरीकडं बोट दाखवलं.

“चिखलात हात घाल.”

“खरकटं पाणी आहे ते!”

“तुझं जेवणही त्याच भांड्यांत शिजलं होतं.”

परीटघडीचं धोतर सावरायचं की नाही, एवढ्यावर बुवा क्षणभर अडले. मग सावरायचं सोडून दिलं. गुडघे टेकले आणि मनगटापर्यंत हात आत घातला. गार चिखल. पुन्हा चिखल. मग बोटांना काहीतरी लागलं... आल्याच्या गड्ड्यासारखं पेरापेरांचं, घट्ट, गार. त्याच्या कडेला एक टोक वर आलेलं, कोवळं, बाळाच्या दातासारखं.

बुवांनी हात मागं घेतला नाही. नुसतं धरून बसले.

“अक्का... हे वाढतंय.”

“मग काय, मी रोज चिखलाला पाणी घालते होय?”

अक्कांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, जणू भाजीचा भाव सांगावा तसं:

“पलीकडची कासारीण आली होती परवा. म्हणाली, घाण्यावरचा पोरगा माणसांशी बोलत नाही, पण बैलाला पद म्हणून दाखवतो. बैलही मेला पाय ओढत चालतो म्हणे, ऐकायला मिळावं म्हणून.”

बुवांनी झटकन मान वर केली.

“कुठलं पद?”

“ते तिला काय ठाऊक! तिनं चार ओळी म्हणून दाखवल्या, रोज तिथनंच सुरू करतो म्हणाली, त्यावरून मी ओळखलं. पहिलं कडवं तो म्हणतच नाही.”

“म्हणजे?”

“तू जिथं झांज आपटलीस ना, त्याच्या पुढनं म्हणतो.”

...

बुवा उठले. धोतरावर दोन काळे गोल उमटले होते. हात धुवायला ते रहाटाकडं गेले नाहीत. पडवीत खुंटीवर त्यांची झोळी होती, ती चिखलाच्याच हातानं काढली. झोळीत ते उपरणं होतं, घडी न मोडलेलं. दिवाळीपासून ते घेऊन फिरत होते. का, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

“ओरडेल माझ्यावर,” ते म्हणाले.

“ओरडला तर बरं. बोलला तरी.”

“दारातनं हाकलेल.”

“तर उद्या परत जा. नाववाला आपलाच आहे.”

बुवा पायरी उतरले. नाववाल्याला हाक मारली. एक पाय नावेत टाकला आणि तिथंच थबकले. इतका वेळ झाकून ठेवलेली खरी काळजी शेवटी ओठांवर आलीच.

“पण अक्का, रामनवमी तोंडावर आली. इतके महिने तोंड मिटून बसलेलं पोर... चैत्रापर्यंत उभं राहील का?”

“नाही राहणार.”

“मग त्या दिवशी श्रीपतीच?”

“श्रीपतीच. मोगऱ्याचा हार मीच घालीन त्याला. कमावलाय त्यानं.”

“आणि कुशाबा? त्याचा हार?”

अक्का तोवर मागं वळल्या होत्या. उरलेली कळशी त्यांनी उचलली आणि मोरीपाशी जाऊन सबंध त्या काळ्या चिखलावर ओतली.

“का रे जनू, भाद्रपदात देव काय गावाला जातो?”